साखर, राळ आणि ताईंचे हात

मागच्या महिन्यात पार्लरमध्ये ताई एक वाक्य बोलून गेल्या आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. वाक्य तसं साधंच. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांचं पार्लर आहे, म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली, मध्ये पडदा, पडद्याच्या आत एक अरुंद पलंग आणि कोपऱ्यात वॅक्सचा हीटर, पडद्याच्या बाहेर त्यांच्या मुलीची दहावीची पुस्तकं. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला ताई म्हणतात, वय कुणाचं जास्त ते आम्ही कधी काढलेलंच नाही. तर त्या माझ्या हाताला ते महागातलं पांढरट, क्रीमसारखं वॅक्स लावत होत्या आणि मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, ताई तुम्ही स्वतःला कुठलं लावता हो? त्या म्हणाल्या, "मी होय? मी घरी साखर-लिंबू शिजवते की. आपल्याला कुठं परवडतंय हे." मग पट्टी दाबली, ओढली, ओढलेल्या जागी लगेच तळवा ठेवला आणि पुढच्या पट्टीच्या आधी जरा हळू आवाजात म्हणाल्या, "आणि हे मला सोसत पण नाही."

परवडत नाही की सोसत नाही?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत ना. परवडत नाही म्हटलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि विषय तिथंच संपतो. पण सोसत नाही म्हणजे काय? भिंतीवरच्या रेट कार्डावर त्याच वॅक्सच्या पुढे 'सेन्सिटिव्ह स्किनसाठी' असं छापलेलं आहे. सगळ्यात खाली साधं हनी वॅक्स, त्यावर अ‍ॅलोव्हेरा, मग चॉकलेट, मग लिपोसोल्युबल (तेलात विरघळणारं) म्हणजे पार्लरच्या भाषेत नुसतं लिपो, आणि काखेसाठी, चेहऱ्यासाठी वेगळं कटोरी वॅक्स. एकेक ओळ वर गेलं की पैसे वाढतात आणि दुखणं कमी होतं असं ते कार्ड सांगतं, आणि आपण सगळ्याजणी ते मान्य करून बसलेलो असतो. कॉलेजात असताना हनी, नोकरी लागल्यावर चॉकलेट, प्रमोशन मिळाल्यावर लिपो, माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींचा प्रवास असाच झालाय, माझाही. आणि हे सगळे डबे सकाळपासून रात्रीपर्यंत हाताळणारी बाई म्हणतेय की सगळ्यात वरचं मला सोसत नाही. घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होते.

साखरेचं वॅक्स मी पहिल्यांदा बघितलं ते मिरजेला आत्याकडे. तिच्या शेजारच्या भाभी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं मस्कतला राहून आल्या होत्या आणि तिथल्या बायकांकडून ही विद्या शिकून आल्या होत्या. तिकडे अरब देशांत, इजिप्तमध्ये, तुर्कस्तानात साखरेनं केस काढणं ही घराघरातली जुनी गोष्ट आहे, लग्नाआधी नवरीला मैत्रिणी, बहिणी मिळून करतात. भाभींनी आत्याला दाखवलं आणि आत्याला ते लगेच जमलं, कारण तिला पाक येत होता. हे मला आत्ता इतक्या वर्षांनी कळतंय, की पाक येणाऱ्या बाईला वॅक्स शिकवायला लागतच नाही. साखर, त्यात लिंबू, थोडं पाणी, मंद गॅस. आधी पांढरा फेस येतो, मग बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, मग रंग पिवळ्यावरून मधासारखा व्हायला लागतो आणि स्वयंपाकघरात गुळाच्या ढेपेला असतो तसा किंचित जळका गोड वास भरतो. आत्या वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकायची आणि बोटांनी गोळा करून बघायची. एकतारी झाला की गुलाबजामला, दोनतारी झाला की रव्याच्या लाडवाला, गोळीबंद झाला की हे. लिंबू का, तर पाक साखरू नये म्हणून, हेही तिला माहीत होतं. त्यामागचं कारण मी नंतर वाचलं. लिंबाचं आम्ल उकळत्या साखरेचे दोन भाग करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि हे दोघं मध्येमध्ये राहिले की साखरेचे कण परत एकमेकांना चिकटून खडे होत नाहीत, पाक लवचिक राहतो. गोळीबंद म्हणजे साधारण 115 अंश किंवा जरा वर, उकळत्या पाण्यापेक्षा चांगलाच गरम, त्यामुळे आत्या तो स्टीलच्या डब्यात ओतून कोमट होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. मग माजघराचं दार लावून घ्यायचं, बटर लावायच्या बोथट सुरीनं हातावर पसरायचं, आणि पट्ट्या म्हणजे काकांच्या जुन्या जीन्सचे कापलेले तुकडे. वापरून झाले की गरम पाण्यात टाकायचे, साखर विरघळून जायची, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या दोरीवर निळ्या पट्ट्यांची रांग वाळत घातलेली. कुणी विचारलं तर आत्या सांगायची, पायपुसणं शिवायला कापलंय.

म्हणजे लपवायचं होतंच. केस असणं लपवायचं आणि केस काढणंही लपवायचं. आमच्या आईला हे सगळं बिलकूल आवडायचं नाही, ती म्हणायची, एकदा सुरू केलंस की जन्मभर करावं लागेल. एका अर्थानं ती बरोबर होती आणि एका अर्थानं नाही, कारण वॅक्सनं केस दाट होत नाहीत की राठ होत नाहीत, मूळ तिथंच असतं आणि त्याच्या वेळेला ते नवा केस देतं, तीन ते सहा आठवड्यांत. सगळे केस एकाच वेळी वाढतही नसतात, काही वाढीत असतात, काही थांबलेले, काही गळायच्या बेतात, म्हणून तर आज वॅक्स केलं तरी आठवड्याभरात दोनचार चुकार केस वर येतात आणि आपण पार्लरवालीला दोष देतो. पण आईच्या म्हणण्याचा रोख केसांवर नव्हताच. एकदा गुळगुळीत हातांची सवय झाली की मग वाढलेले हात आपल्यालाच बघवत नाहीत, हे तिला म्हणायचं असणार. ते मात्र अगदी खरं निघालं. मला वॅक्स केलेले हात आवडतात. कॉटनच्या चादरीवर ते जसे सरकतात ते आवडतं, गाडीवरून जाताना वारा थेट कातडीला लागतो ते आवडतं. आणि त्याच वेळी मनात येतं की सातवीतल्या मुलीला वर्गात अस्वल म्हणून चिडवलं नसतं तर मला हे आवडलं असतं का. या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि मिळालं तरी मी पुढच्या महिन्यात पार्लरला जाणारच आहे.

असो. तर ताईंच्या त्या वाक्यानंतर मी एक काम केलं, डबे वाचायला सुरुवात केली. ऑनलाइन दुकानांवर मागच्या बाजूचे फोटो मोठे करून करून, आणि पुढच्या वेळी ताईंकडे गेले तेव्हा त्यांचे डबे हातात घेऊन. आणि वाचता वाचता कार्डावरची ती यादी माझ्या डोळ्यांसमोर मोडूनच पडली. कारण वॅक्सच्या मुळात दोनच जाती आहेत. एक साखरेची आणि एक राळेची. बाकी मध, चॉकलेट, स्ट्रॉबेरी, कोरफड, हळद-चंदन ही वरची सजावट, रंग आणि वास आणि थोडंफार तेल-ग्लिसरीन. ओळखायची खूण तर इतकी सोपी आहे की आत्याला सांगितली असती तर ती म्हणाली असती, यात सांगायचं काय. पाण्यानं धुतलं गेलं तर साखरेचं. पाण्यानं हलत नसेल, तेलच लागत असेल, तर राळेचं. आपल्याकडचं ते साधं सोनेरी, हात ओल्या फडक्यानं पुसला की जाणारं हनी वॅक्स म्हणजे बहुतेक वेळा साखर, ग्लुकोजचं सिरप आणि लिंबाऐवजी सायट्रिक अ‍ॅसिड. म्हणजे आत्याचाच पाक, फक्त कारखान्यात केलेला. चॉकलेटचं तर अजून गमतीचं, एक चॉकलेट डबा साखरेवर असतो आणि त्याच्याच शेजारचा राळेवर, आणि दोन्हींवर कोकोचं तेच चित्र. मैत्रीण सांगते मला चॉकलेट सूट होतं, आपण दुसरीकडे जाऊन चॉकलेट करतो आणि अंगावर पुरळ येतं, तर त्याचं कारण हे असू शकतं. चॉकलेट म्हणून विचारण्यात अर्थ नाही, पाण्यानं जातं का तेलानं एवढं विचारायचं.

राळेचं प्रकरण मला फार आवडलं, खरं सांगते. हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात चीड नावाची पाइनची झाडं आहेत, त्यांच्या खोडाला खाचा पाडून खाली भांडं बांधतात, झाडाचा चीक गोळा करतात. तो चीक तापवला की टर्पेंटाइन उडून वेगळं निघतं आणि मागे उरते ती राळ, काचेसारखी, पिवळसर, ठिसूळ. व्हायोलिनवाले आपल्या गजाला जी वडी घासतात ती हीच. जखमेवरच्या जुन्या चिकटपट्ट्यांच्या गोंदात हीच असायची. आणि त्याच राळेवर थोडीफार रासायनिक प्रक्रिया करून, तेलं घालून, पांढरा रंग यावा म्हणून टायटेनियम डायऑक्साइड घालून आपलं ते क्रीमसारखं लिपो वॅक्स तयार होतं. त्याचे गुण मी नाकारणार नाही. ते कमी तापमानाला पातळ होतं, त्यामुळे भाजायची भीती कमी. अगदी पातळ थर पुरतो. छोटे, बारीक केसही धरतं, साखरेला तेच केस जरा वाढलेले लागतात, निदान पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे. आणि मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात तर लिपो खरंच उपयोगी, कारण साखर हवेतलं पाणी ओढते, घामट कातडीवर ती धरतच नाही, नुसता चिकचिकाट होतो, कितीही पावडर थापा. लिपोला दमट हवेचं काही वाटत नाही. उन्हाळ्यात मिरजेच्या कोरड्या दुपारी आत्याचा पाक इतका छान का निघायचा आणि तोच प्रयोग बहिणीनं जुलैत डोंबिवलीत केला तेव्हा दोघीजणी बादलीत हात घालून का बसलो होतो, याचं उत्तर मला त्या डब्यांच्या मागे सापडलं.

कटोरी वॅक्सही राळेच्याच घराण्यातलं, पण त्यात मधमाशांचं मेण किंवा तसलं काही घालून ते घट्ट केलेलं असतं. त्याला पट्टी लागत नाही. जाडसर लावायचं, एका बाजूला पकडायला टोक ठेवायचं, गार होताना ते आवळतं आणि केसाला घट्ट धरतं, कातडीला त्या मानानं कमी. त्यामुळे काखेसाठी, ओठावर, हनुवटीला, बिकिनी वॅक्सला हेच बरं, या बाबतीत माझं मत ठाम आहे. काखेतले केस राठ असतात आणि भोवऱ्यासारखे तीन दिशांना वाढतात, तिथं एक मोठी पट्टी मारून ओढणारी बाई दिसली की मी उठून यावं असं म्हणेन. ब्राझिलियन म्हणून ज्याचा एवढा गवगवा आहे, म्हणजे पुढचे-मागचे सगळे केस काढणारं बिकिनी वॅक्स, तेही न्यूयॉर्कमध्ये ब्राझीलहून आलेल्या सात बहिणींनी 1987 मध्ये मॅनहॅटनला सलून काढलं तिथून जगभर पसरलं. सगळ्यांची नावं जे अक्षरावरून, म्हणून सलूनचं नाव जे सिस्टर्स. आपल्याकडे मात्र ब्राझिलियन म्हटलं की कुणी त्या पद्धतीबद्दल बोलत असतं आणि कुणी वितळवून लावायच्या घट्ट वॅक्सच्या रंगीत मण्यांबद्दल, त्यामुळे फोनवर अपॉइंटमेंट घेताना नीट विचारलेलं बरं.

हनुवटीबद्दल मात्र मला थोडं थांबून लिहायचंय.

मला पीसीओडी (हॉर्मोनच्या बिघाडाशी जोडलेला बीजांडकोशांचा त्रास) आहे हे कळलं तेव्हा मी तिशीत होते आणि त्याच्या आधी कितीतरी वर्षं माझ्या हनुवटीवर केस येत होते. लव नाही, राठ, काळे, आरशापेक्षा बोटांना आधी कळणारे. कातडीवरची साधी लव अ‍ॅन्ड्रोजेन हॉर्मोनमुळे राठ केसात बदलते आणि एकदा बदलली की तिथं कुठलंही वॅक्स काय करणार, ते फक्त आलेला केस काढतं. डॉक्टरांकडे याचं मोजमापसुद्धा असतं, फेरिमन आणि गॅलवे या दोघांनी 1961 मध्ये केलेलं, अंगाच्या एकेका भागाला केसांप्रमाणे मार्क द्यायचे आणि बेरीज करायची. डॉक्टरबाई तो तक्ता भरत होत्या तेव्हा मला रडू आलं होतं, आणि दुःखानं नाही, सुटल्यासारखं वाटून. कारण इतकी वर्षं मी ज्याला माझी अस्वच्छता समजत होते त्याचा कुणीतरी शांतपणे तक्ता भरत होतं. म्हणून हे कळकळीनं सांगते, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर, छातीवर असे केस येत असतील, पाळी पुढेमागे होत असेल, तर हनी की लिपो हा प्रश्न नंतरचा, आधी डॉक्टर. आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील तर कुठलंच वॅक्स नको, साखरेचंही नको, कातडी इतकी नाजूक झालेली असते की केसाबरोबर वरचा पापुद्रा निघून येतो. गोळ्या बंद केल्यावरही साधारण सहा महिने थांबायला सांगतात. रेटिनॉलचं क्रीम चेहऱ्याला लावत असाल तरी आधी सांगा. हे विचारणारी पार्लरवाली भेटली तर तिला सोडू नका.

आणि लव म्हटलं की मला न्हाऊ घालणाऱ्या मावशी आठवतात. बहिणीची मुलगी झाली तेव्हा त्या यायच्या, पाटावर पाय पसरून बसायच्या, पायांवर बाळाला पालथं घ्यायच्या आणि डाळीच्या पिठाचा तेलकट गोळा तिच्या पाठीवर, कपाळावर, दंडावर फिरवायच्या, लव जावी म्हणून. बाळ टाहो फोडायचं, पाठ लाललाल व्हायची, आणि मावशी म्हणायच्या, मुलीची जात आहे, आत्ता केलं की पुढं त्रास नाही. नवजात बाळाची ती लव काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप जाते, तिचा आणि मोठेपणीच्या केसांचा काहीही संबंध नाही, आणि आता बालरोगतज्ज्ञ स्पष्ट सांगतात की ते चोळणं नको. मावशींच्या हातात माया होती यात मला शंका नाही. पण तो गोळा मला आता बघवणार नाही.

तर हात. या सगळ्या शोधात मला एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली की दुखणं डब्यावर जेवढं ठरतं त्याच्या कितीतरी पट जास्त हातावर ठरतं. ताई काय करतात ते मी आता लक्ष देऊन बघते. वॅक्स केसाच्या दिशेनं लावतात, पट्टीवरून दोनदा त्याच दिशेनं तळवा फिरवतात, दुसऱ्या हातानं खालची कातडी ताणून धरतात, आणि उलट्या दिशेला झटका देतात, पण वर नाही, कातडीला समांतर, जवळजवळ घासून. वर ओढलं की केस मुळातून न येता मध्येच तुटतो, कातडीवर लाल ठिपके येतात, आणि चार दिवसांत रेझर फिरवल्यासारखे खुंट बाहेर. मग लगेच त्या जागेवर तळवा दाबून ठेवतात, त्यानं ती ठणक तिथंच जिरते. हे सगळं एका सेकंदात. कोपरापाशी, घोट्यापाशी छोटी पट्टी घेतात. पाळी जवळ आलीये का विचारतात, त्या दिवसांत बऱ्याच जणींना जास्त दुखतं म्हणून. एका मोठ्या, एसी, गुळगुळीत फरशीच्या सलूनमध्ये मी याच लिपो वॅक्ससाठी ताईंच्या जवळपास तिप्पट पैसे दिलेत आणि मांडीवर निळे डाग घेऊन घरी आलेय, तिथल्या मुलीला बिचारीला पुढच्या कस्टमरची घाई होती, काचेपलीकडून मॅनेजर घड्याळ बघत होता. त्याच त्या लाकडी पट्टीनं परत परत डब्यात बुडवून लावणं, एकाच रोल-ऑनचं नळकांडं तिच्यावर मग माझ्यावर फिरवणं, हेही मी चकचकीत जागीच जास्त बघितलंय. ताई लाकडी काड्या वापरतात, वापरली की टाकली.

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी डबे वाचत बसले होते, तेव्हा मी सरळ विचारलं. सोसत नाही म्हणजे काय होतं? ताईंनी हातमोजे काढले. इतकी वर्षं मी त्यांचे हात मोज्यांतच बघितलेत, मला वाटायचं स्वच्छतेसाठी. बोटांच्या बाजूला कातडी जाड, भेगाळलेली, मनगटावर खरबरीत लाल चट्टे. आधी त्यांना वाटलं भांड्याच्या साबणानं होतंय. मलमं लावली, गावाकडच्या एकानं दिलेली पानं बांधली. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी पाठीवर छोट्या छोट्या गोळ्यांच्या पट्ट्या लावून दोन दिवस ठेवायला सांगितल्या, आंघोळ नाही, घाम नाही, आणि तिसऱ्या दिवशी काढून बघितलं तर राळेच्या जागी लाल फोड उठलेला. राळेची अ‍ॅलर्जी ही तशी जगभर माहीत असलेली गोष्ट आहे, म्हणून तर त्या तपासणीच्या ठरलेल्या पदार्थांत ती असतेच. डॉक्टर म्हणाले हे काम सोडा. ताई मला म्हणाल्या, "सोडून काय करू ताई? मुलीचं बारावी, सीईटी सगळं व्हायचंय." म्हणून मोजे. मोज्यांच्या आत घाम, घामानं परत खाज. आणि स्वतःच्या अंगासाठी साखर, कारण साखरेनं काही होत नाही.

दोन्ही खरं होतं. परवडतही नव्हतं आणि सोसतही नव्हतं.

त्या रात्री मी चिडले होते, आणि कुणावर चिडायचं ते कळत नव्हतं. ज्या वॅक्सच्या पुढे नाजूक त्वचेसाठी असं लिहिलंय ते माझ्या त्वचेला नाजूकच आहे, मला कधीच काही झालेलं नाही, बहुतेकींना होत नाही. महिन्यातून एकदा दहा मिनिटं लागण्यात आणि वर्षानुवर्षं रोज आठ-दहा तास हाताळण्यात फरक आहे, आणि तो फरक कार्डावर कुठंच येत नाही. कुणाची त्वचा, हा प्रश्नच त्या कार्डानं विचारलेला नाही. तुम्हाला कधी चिकटपट्टीनं खाज येत असेल, पट्टीच्या आकाराचा लाल चौकोन उठत असेल, तर लिपो आणि कटोरीच्या आधी कोपराच्या आत एवढुंसं लावून एक-दोन दिवस वाट बघा, एवढं तरी आपल्या हातात आहे. ताईंच्या हातात तेवढंही नाही.

नंतरच्या रविवारी ताई आमच्या घरी आल्या आणि आम्ही माझ्या गॅसवर साखर शिजवली. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मी थेंब टाकून बघत होते, त्या वासावरूनच सांगत होत्या, अजून नाही, अजून नाही, आता बंद करा. आणि मग त्यांनी जे केलं ते मी आत्याकडे कधी बघितलं नव्हतं. पट्टी नाही, सुरी नाही. कोमट झालेला लिंबाएवढा गोळा हातात घेतला, मळून मळून फिकट, मोत्यासारखा केला, आणि माझ्या पोटरीवर केसाच्या उलट्या दिशेनं बोटांनी ताणत पसरवला आणि केसाच्या दिशेनं टिचकी मारल्यासारखा झटक्यात काढला. सगळं उलटं. केस ज्या दिशेला वाढतो त्याच दिशेला निघतो, म्हणून तुटत कमी, आणि नंतर आत वाढून गाठ होणंही कमी. तोच गोळा परत परत, एक अख्खा पाय एकाच गोळ्यात. दुखलं का? दुखलं, पण वेगळं, तीक्ष्ण नाही, आणि लगेच विझणारं. वेळ मात्र भरपूर लागला, लिपोच्या दुप्पट तरी, आणि शेवटी ताईंचं मनगट भरून आलं होतं. त्यांनी हे लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून स्वतःवरच सराव करून शिकलं होतं, 2020 मध्ये पार्लर बंद असताना जॅमच्या बाटल्यांत साखरेचं वॅक्स भरून बिल्डिंगमध्ये विकलंही होतं. मोजे नव्हते. शेवटी माझ्याच बेसिनमध्ये नळाखाली हात धरला आणि सगळं धुऊन गेलं.

मी त्यांना म्हटलं, हे कार्डावर घाला, सगळ्यात वर, लिपोच्या पण वर, आणि दर लिपोपेक्षा जास्त लावा, कारण यात डब्याचा खर्च नाही पण सगळी तुमची मेहनत आहे. त्या हसल्या. "साखरेला कोण देणार ताई एवढे पैसे? घरी करता येतं म्हणतील." मी म्हटलं, घरी भाकरी पण करता येते, तरी लोक पोळीभाजी केंद्रातून नेतात ना. माझं सध्या असं चाललंय, की हातापायांना साखर, पावसाळ्याचे दोनतीन महिने फार दमट असलं की लिपो, काखेला कटोरी, आणि हनुवटीचं डॉक्टरांच्या औषधावर आणि लेझरवर सोपवलंय. समोरच्या विंगमधल्या दोघींनी ताईंकडे साखर सुरू केलीये, एकीच्या काखेतल्या गाठी कमी झाल्यात असं ती सांगते. ताईंनी परवा कार्डावर खाली स्केच पेननं एक ओळ वाढवली, 'शुगर वॅक्स (हाताने)'. दर मात्र हनीच्याही खाली लावलाय. मला ते अजिबात पटलेलं नाही, आणि पुढच्या वेळी त्यावरून आमचं भांडण होणार आहे.